मधे लोकर आहे

आमच्या घरात एक सायकल होती, आणि तिला शिवायची कुणालाही परवानगी नव्हती. पुसायची असली तरी तिचा मालकच पुसायचा. मालक म्हणजे माझे थोरले काका. आमचं घराणं बंगळुरात आलं त्याला तीनशेहून जास्त वर्षं झाली. तेव्हापासून आमची मराठी कन्नडच्या पंगतीला बसून जेवते आहे, त्यामुळे थोरल्या काकांना आम्ही कन्नडातल्यासारखं दोड्डप्पा म्हणतो. माझी बायको पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा हा शब्द ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली होती. आठ दिवसांत माझ्यापेक्षा मोठ्याने ‘दोड्डप्पाऽ, कॉफी!’ अशी हाक मारायला लागली.

दोड्डप्पांनी लग्न केलं नाही. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्यांनीच ओढलं. कचेरीतली नोकरी संपल्यावर ते आपल्या जुन्या मराठी घरांचे श्राद्धपक्ष सांगायला लागले. बनशंकरीत आमचं घर, आणि यजमान जयनगर, बसवनगुडी असे पसरलेले. पहाटे आंघोळ करून, स्वतः धुवून वाळवलेलं पंचं, म्हणजे सोवळ्याचं धोतर, नेसून, कपाळी गंध लावून ते सोवळ्यात निघायचे. एकदा असे निघाले की वाटेत कुणाला शिवायचं नाही, कुणी त्यांना शिवायचं नाही. बस अर्थातच बाद. रिक्षा बाद. पायी चालायला गुडघे तयार नव्हते. उरली सायकल. तिची सीट चामड्याची, म्हणून तिच्यावर त्यांनी लोकरीचं जाड आसन सुतळीने बांधून टाकलेलं. ते आसन मी कळायला लागल्यापासून बघत आलो होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

‘तिकडे पोचून आंघोळ केली तर?’ असं बायकोने एकदा विचारलं होतं. पुण्याच्या माणसाला प्रश्न विचारायला भीती वाटत नाही.

‘करता येईल,’ दोड्डप्पा म्हणाले. ‘पण नळाला पाणी एक दिवसाआड. श्राद्धाच्या घरी चार बायका सोवळ्यात स्वयंपाकाला उभ्या असतात, त्यांनाच पाणी पुरत नाही. मी जाऊन त्यांची बादली उपसायची? ते बरं दिसतं का?’

मला वाटतं, त्या दिवसापासून ती त्यांच्या बाजूची झाली.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं, मधल्या वर्षांतलं. बंगळुरातला आषाढ ज्यांनी सोसला नाही त्यांना सांगतो. इथे आषाढात पाऊस कोसळत नाही. तो वाऱ्यावर बसून आडवा येतो, पिठासारखा बारीक, आणि दिवसभर जातच नाही. झाडांच्या वाळक्या काटक्या, शेंगा, वाळूच्या लॉरीवरून उडालेले खडे, सगळं तोंडावर. त्या आधीच्या आषाढात दोड्डप्पा असेच भिजत एका घरी गेले, ओल्या पंचानिशी तीन तास बसून मंत्र सांगितले, वाऱ्यातून परत आले, आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. दवाखान्यात त्यांना श्वासासाठी झगडताना मी पाहिलं. सत्तरीचा माणूस; एक वाक्य पुरं करायला तीन थांबे घ्यायचा.

बरे झाले, पण दिवाळी, संक्रांत, युगादी सगळं घरातच गेलं. दरम्यान यजमानांनी वाट तरी किती बघायची? एक तरुण भटजी निघाला होता, मोटरसायकलवरून फटफटत यायचा, तासाभरात पिंडदान उरकून पुढच्या घरी. एकेक घर त्याच्याकडे गेलं. दोड्डप्पा रोज सकाळी आंघोळ करून, पंचं नेसून, ओसरीवर सायकलीकडे तोंड करून बसायचे. दहा वाजले की उठून पंचं सोडायचे आणि साधं धोतर नेसायचे. हे पाहणं मला त्यांच्या खोकल्यापेक्षा जड जायचं.

एकच घर उरलं. जयनगरच्या अक्का. ऐंशीच्या आसपासच्या, नवऱ्याचं श्राद्ध आषाढात. त्यांनी शेजारच्या फोनवर निरोप ठेवला, ‘जमेल तर या. नाही जमलं तर यंदा शिधा देऊन मोकळी होईन. दुसऱ्याला बोलावणार नाही.’

दोड्डप्पांनी तो निरोप माझ्याकडून दोनदा ऐकला. मग म्हणाले, ‘जायला हवं.’

डॉक्टरांकडे मी गेलो. ते म्हणाले, ‘दमाने सायकल चालवली तर एक वेळ चालेल. पण छातीला वारं नको आणि पाणी नको. पुन्हा भिजले तर मी काही सांगू शकत नाही.’

माझ्याकडे स्कूटर होती. पण स्कूटरवर मागे बसायचं म्हणजे मला शिवायचं, आणि मी कारखान्याच्या पँटमधला. सीटही रेक्झिनची. मधे वीतभर जागा सोडायची म्हटली तर दोड्डप्पांना स्टेपनीवर बसावं लागलं असतं. तेव्हा तो विचार मनात आला तसा गेला. सायकल तर सायकल. वारं आणि पाणी अडवायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी तर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातला सुपरवायझर. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाट्या आणि झाकणं बनवणाऱ्या कारखान्यातला! वारं अडवणं म्हणजे मला काय!

कारखान्यात किंचित ओरखडे आलेल्या एका ॲक्रिलिकच्या तक्त्यासाठी मी साहेबांची सही घेतली, गेटपास केला आणि स्कूटरवर बांधून घरी आणला. तीन रविवार खपून मी सायकलीसाठी काच केली. हँडलपासून दोड्डप्पांच्या भुवयांपर्यंत उंच. कागदावर त्यांची बसलेली आकृती काढली होती. बायकोने ती बघून विचारलं, ‘हा गणपती कुणाचा?’ भोकं पाडली, पट्ट्या बसवल्या, कडा घासल्या. झालं तेव्हा खरोखर देखणं दिसत होतं. एकच अडचण, सायकलीला हात लावायचा नव्हता. म्हणून ती काच आधी शेजाऱ्याच्या सायकलीला लावून मीच चालवून बघायचं ठरलं. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

बनशंकरीच्या देवळाकडे जाणारा रस्ता मोकळा होता. पहिली शंभर पावलं मी राजासारखा गेलो. तोंडावर वारं नाही, पाऊस नाही. मनातल्या मनात मी ह्या काचेला नावही देऊन टाकलं. मग वाऱ्याने बाजू बदलली. काच आणि शीड ह्यांच्यात फरक काय, हे मला कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. मला देवळाकडे जायचं होतं, सायकलीला उजवीकडे. सायकल जिंकली. मी एका फूलवालीच्या टोपल्यांत बसलो, मोगऱ्यात आणि झेंडूत.

तिने आधी फुलं गोळा केली, मग माझ्याकडे पाहिलं आणि कन्नडात विचारलं, ‘सार, सायकलीला खिडकी का बसवली?’

‘वाऱ्यासाठी,’ मी म्हणालो.

‘मग उघडून ठेवायची ना स्वल्प!’

घरी आलो तेव्हा माझ्या कॉलरीत झेंडूची पाकळी होती. दोड्डप्पांनी ती पाहिली आणि नमस्कार केला. काचेला की मला, ते कळलं नाही.

काच रद्द झाली. पुढे ती बायकोने तुळशीच्या रोपाला आडोसा म्हणून लावली. आता मी अंग झाकायच्या मागे लागलो. जयनगरच्या बाजारात एका दुकानात दुपार घालवून जाडजूड रेनकोट निवडला. काळा, चमकदार, गुडघ्याखाली पोचणारा. दुकानदार म्हणाला, ‘बघा सार, हात लावून बघा, अगदी चामड्यासारखा.’ मला ते वाक्य फार आवडलं. इतकं आवडलं की घरी येऊन मी तेच दोड्डप्पांना म्हणून दाखवलं.

‘दोड्डप्पा, थेंब आत जाणार नाही. अगदी चामड्यासारखा आहे!’

ते पुढे केलेला हात मागे घेत म्हणाले, ‘चामडं?’

‘छे हो. चामड्यासारखा. खरं चामडं नाही. रेक्झिन.’

‘चामडं नाही ना?’

‘मुळीच नाही.’

‘मग तू चामडं का म्हणालास?’

मी दुकानदार, रेक्झिन, कापडावरचा लेप असं बरंच सांगत बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, ‘तू म्हणतोस ते खरं असेल. पण संकल्प सोडायला बसलो की माझ्या डोक्यात तुझं वाक्यच येणार रे.’

बायको आतून म्हणाली, ‘मऊ हरणाच्या कातड्यासारखा म्हटलं असतंत तरी पुन्हा तेच झालं असतं. नुसतं रेनकोट म्हणायला तुमचं काय जात होतं?’ तो रेनकोट बाहेरच्या खिळ्यावर राहिला. शेवटी दूधवाल्याला दिला. त्याला चामड्यासारखं असण्याचं काही वावडं नव्हतं.

मधे साध्या प्लॅस्टिकच्या कापडाचाही एक प्रयोग झाला. त्याला दोड्डप्पा तयार होते. घराच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ते त्यात गेले आणि पायी परत आले. अर्धं प्लॅस्टिक साखळीत अडकलेलं, अर्धं तोंडाला चिकटलेलं, आणि आतून घामाने पंचं ओलं. त्या रात्री त्यांना खोकला झाला. फार नव्हता. पण भिंतीपलीकडून तो ऐकत मी आणि बायको जागेच पडून राहिलो. अक्कांकडची तिथी बारा दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तो बायको ओसरीवर उभी. हातात सायकलीवरचं आसन.

‘अगं, शिवलीस त्याला?’

‘पाऊस येत होता, काढून आत ठेवत होते. रागावले नाहीत. म्हणाले, लोकरीला काही होत नाही, लोकर नेहमीच सोवळी. अहो, हे बघा.’ तिने ते आसन झटकलं. पावसाचे थेंब वरच्या वर उडाले. ‘हे चामड्यावर ठेवलं की चामडं चालतं. पाऊस पडला तरी आत जात नाही. मग हेच अंगावर का नाही?’

मीही ते हातात घेऊन झटकून बघितलं.

‘माझ्या आजोळी धनगर घोंगडीची खोळ घेऊन पावसात दिवसदिवस उभे असतात,’ ती म्हणाली. ‘इथे कुणी नाहीत का?’

होते की! होसूर रोडच्या दोन्ही बाजूंना तेव्हा शेतं होती. बोम्मसंद्र्याच्या अलीकडे एक मेंढपाळ रोज मला दिसायचा, डोक्यावरून काळी घोंगडी, हातात काठी, पावसात निवांत. आणि त्याच्या समोरून मी रोज जायचो, कंपनीचा रेनकोट घातलेला, बाहीतून पाणी, मानेतून पाणी, बुटात पाणी. इतकी वर्षं मला त्याची कीव यायची.

दुसऱ्या दिवशी स्कूटर थांबवून मी त्याला विचारलं, ही कंबळी कुठे मिळते? कर्नाटकात घोंगडीला कंबळी म्हणतात. त्याने माझ्याकडे आणि माझ्या निथळणाऱ्या कोटाकडे पाहिलं.

‘तुमच्याकडे आहे की एवढा मोठा कोट.’

‘तो गळतो.’

‘अय्यो पाप,’ तो म्हणाला. त्या माणसाने माझी कीव केली आणि ती मला योग्यच वाटली. ‘शुक्रवारी संतेला या. माझा सासरा विणतो. पण एक सांगतो, धुवू नका. चिंचोक्याची खळ दिलेली असते. धुतलीत की पाणी आत येणार.’

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्या आठवडी बाजारातून घोंगडी आणली. काळी, खरखरीत, पुठ्ठ्यासारखी कडक, आणि तिला असा वास की स्कूटरमागे दोन कुत्री चांदापुऱ्यापर्यंत आली. घरी दोड्डप्पांच्या पुढे ठेवली. ह्या वेळी तोंड बंद ठेवायचं असं मी ठरवलं होतं, पण सुपरवायझरचा स्वभाव जात नाही. माल देताना माहिती द्यायचीच.

‘फक्त धुवायची नाही हं. चिंचोक्याची खळ आहे.’

बायकोने डोळे मिटले.

‘खळ शिजवून करतात ना?’ दोड्डप्पांनी विचारलं.

‘हो.’

‘म्हणजे शिजलेलं. अन्न लागलं की.’

‘दोड्डप्पा, चिंचोके कुणी जेवतं का?’ बायको घाईने म्हणाली.

‘दुष्काळात खातात.’

‘आपल्याकडे कुठे दुष्काळ आहे?’

‘नळाला पाणी कधी आलं होतं?’

दोड्डप्पा घोंगडीकडे बघत बसले. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, एक टोक नाकाशी नेलं, खोकले, पुन्हा हात फिरवला. मी त्यांना ओळखत होतो. नकार द्यायचा असता तर एव्हाना उठले असते. त्यांना हो म्हणायचं होतं, फक्त वाट शोधत होते. मग म्हणाले, ‘लोकरीला दोष नाही असं सांगितलंय. मग लोकरीला जे चिकटून बसलंय त्याला तरी दोष कुठून येणार? सरी. चालेल.’

मग खोळ घ्यायचं शिक्षण. बायको सोवळ्यातल्या दोड्डप्पांना शिवू शकत नव्हती, म्हणून तिने मला उभं केलं. घोंगडी दुमडून डोक्यावर टोक, खांद्यांवरून खाली, छातीवर एकावर एक दोन पदर, गळ्याशी बाभळीचा काटा. समोर उभे राहून दोड्डप्पा माझ्याकडे आरशात बघावं तसं बघत दुसरं पंचं घेऊन स्वतःच्या अंगावर तसंच करत होते.

‘अहो, ताठ उभे राहा,’ ती मला म्हणाली. ‘त्यांना दिसत नाहीये.’

‘टोचतंय.’

‘मेंढीला टोचत नव्हतं.’

दोड्डप्पा हसले. त्या आषाढानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

तिथीच्या दिवशी सकाळी वारं होतंच. पाऊस आडवा. दोड्डप्पा पंचं नेसून, वर खोळ घेऊन, अनवाणी सायकलीवर बसले. मी रजा काढून स्कूटरवर मागे, पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत. इंजिन तापलं, पण त्यांना एकटं सोडायचं नव्हतं. सुरुवात छान झाली. एका झाडाखालून जाताना वाळकी काटकी सुटून त्यांच्या डोक्यावर पडली; खोळीवरून घरंगळली आणि खाली गेली, त्यांना पत्ताही नाही. वाळूची लॉरी गेली, खडे माझ्या दातांत, ते कोरडे. एका सिग्नलला रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

‘अज्जा, कुरि एल्लि?’ आजोबा, मेंढ्या कुठायत?

दोड्डप्पांनी अंगठा मागे माझ्याकडे केला. ‘हिंदे बरताइदे.’ मागून येतेय.

सिग्नल सुटेपर्यंत तो रिक्षावाला हसत होता. मी पण हसलो. दुसरं काय करणार. भिजलेल्या मेंढीसारखा दिसतच होतो.

मग जयनगरच्या बाजूचा चढ लागला. वारं समोरून. पाण्याने घोंगडी जड झाली होती. आत कोरडी, पण वरून दगडासारखी. त्यांचे पाय हळू पडायला लागले. मग थांबून थांबून पडायला लागले. मग सायकल वाकडी झाली आणि ते उतरले. रस्त्याकडेच्या झाडाला एका हाताने धरून उभे राहिले. खोळीच्या आतून श्वास ऐकू येत होता. तोच आवाज, दवाखान्यातला, तीन थांब्यांचा.

मी स्कूटर कशीबशी स्टँडवर चढवून धावलो आणि हातभर अंतरावर थांबलो. शिवायचं नव्हतं. चाळीस वर्षांचा बाप्या, हात पसरून उभा, आणि धरता येत नाही. पाठीवर हात फिरवता येत नाही. आता मागे वळायचं, अक्कांना शिधा द्यायला सांगायचं, आणि उद्यापासून पुन्हा ते ओसरीवर दहा वाजेपर्यंतचं बसणं, हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं.

‘दोड्डप्पा, परत जाऊ या.’

त्यांनी हात वर केला. थांब. श्वास जरा जागेवर आला. ते सायकलीच्या आसनाकडे बघत होते. मग अंगावरच्या घोंगडीकडे. मग माझ्याकडे, माझ्या पाठीकडे, मी वळलो तसं स्कूटरकडे. आसनाच्या सुतळीची गाठ त्यांनी स्वतः सोडली. आसन स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवलं.

‘बस पुढे,’ म्हणाले.

‘पण मी तर—’

‘मधे लोकर आहे. बस.’

शेजारी एक नारळपाणीवाला होता, त्याच्या हवाली सायकल केली. तिला शिवायची परवानगी मिळालेला तो पहिला परका माणूस. मी पुढे बसलो. मागे वजन आलं. घोंगडीचा ओला, जड पदर माझ्या पाठीला टेकला, आणि त्यातून, लोकरीआडून, एक हात माझ्या खांद्यावर आला. सोवळ्यातले दोड्डप्पा मला त्याआधी कधी शिवले नव्हते. वडील गेले त्या दिवसांत सुद्धा त्यांनी लांबूनच ‘मी आहे’ म्हटलं होतं. आता तो हात वजनासकट तिथे होता आणि काढला जात नव्हता.

‘तुला वारं लागतंय रे?’ मागून आवाज आला.

‘नाही हो.’ माझे दात वाजत होते.

‘लागतंय.’ आणि त्यांनी घोंगडीचं पुढचं टोक उचलून माझ्याही डोक्यावरून ओढलं. थेट नाकापर्यंत.

‘दोड्डप्पा, दिसत नाही!’

‘मग हळू चालव.’

मी एका हाताने ते टोक कपाळापर्यंत वर केलं आणि हळू चालवलं. चढ स्कूटरने चढला. कुणालाही श्वास लागला नाही.

अक्का फाटकाशी छत्री घेऊन उभ्या होत्या. एका घोंगडीतून दोन डोकी येताना पाहून त्यांनी छत्री बाजूला केली आणि नीट बघितलं.

‘हे काय? सोवळं?’

दोड्डप्पा उतरले. पंचं कोरडं, कपाळावरचं गंध जागच्या जागी. ‘मधे लोकर आहे, अक्का.’

अक्कांनी क्षणभर विचार केला. श्राद्धाच्या घरच्या बाईला ह्यातलं सगळं कळतं. ‘ते बरोबर,’ त्या म्हणाल्या. ‘पण मग इतकी वर्षं सायकल कशाला मारलीत? आसन तर तुमच्याजवळ होतंच. हा पोरगा होता, त्याची स्कूटर होती.’

मी दोड्डप्पांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. काच, रेनकोट, प्लॅस्टिक, तीन रविवार, फूलवालीचा मोगरा, सगळं आमच्या दोघांच्या मधून निघून गेलं.

‘ह्याने कधी विचारलं नाही,’ ते म्हणाले.

‘तुम्ही कधी सांगितलं नाहीत,’ मी म्हणालो.

‘दोघेही आत या आधी,’ अक्का म्हणाल्या. ‘तू नको. तू निथळतोयस. तू ओसरीवर बस.’

आतून संकल्पाचा आवाज यायला लागला. सावकाश, पण थांबे न घेता. मी ओसरीवर काकडत बसलो होतो. घोंगडी दोड्डप्पांनी खुंटीला अडकवली होती, तिचं पाणी टपटप खाली पडत होतं. मंत्र मधेच थांबला.

‘अरे,’ दोड्डप्पांनी आतून हाक मारली, ‘ती पांघर की. तिला काही होत नाही.’

आणि पुन्हा मंत्र सुरू झाला. मी घोंगडी काढली, आतली कोरडी बाजू अंगाला लावून गुरफटून बसलो. वास मेंढीचाच होता. खरं सांगायचं तर तिचाही आणि माझाही.